पहिली पंगत

माझ्या पहिल्याच प्रभुभोजनाला मी प्याला अंगावर सांडला. ही गोष्ट आमच्या चर्चच्या मंडळीत इतक्या वेळा सांगितली गेली आहे, आणि दर वेळी तिला इतके फाटे फुटले आहेत, की एकदा मीच लिहून टाकलेली बरी. काही जण म्हणतात मी प्याला फेकला. एका बाईंनी तर मला समोर बसवून मलाच सांगितलं, की फार पूर्वी इथे एक बामणीण होती, तिला प्याला बघून ओकारी आली. ती बामणीण मीच, आणि मला ओकारी वगैरे काही आली नव्हती. लहानपणापासून जशी पाणी पीत आले, तशी मी प्यायले, एवढंच.

म्हणजे वरून. आमच्या घरी भांड्याला ओठ लावणं हा गुन्हा होता. मान मागे टाकायची, तोंड उघडायचं, तांब्या वीतभर वर धरायचा आणि धार बरोबर घशात सोडायची. पाच वर्षांची असताना मला हे येत होतं आणि त्याचा मला अभिमानही होता. त्या रविवारी मी वेदीपुढच्या कठड्यापाशी गुडघे टेकले, पाळकसाहेबांनी सगळ्यांनी ओठ लावायचा तो एकच प्याला पुढे केला, मी तो दोन्ही हातांनी घेतला, डोळे मिटले, अगदी मनापासून प्रार्थना केली, आणि मान मागे टाकून प्याला वर उचलला. रुंद तोंडाच्या प्याल्याला तांब्यासारखी धार नसते. मनुका उकळून गाळलेला तो रस माझ्या हनुवटीवरून गळ्यावर आणि गळ्यावरून मिशनने दिलेल्या कोऱ्या पांढऱ्या पातळावर उतरला. मागे एक पोर हसलं. पाळकसाहेबांनी मला पुसायला रुमाल दिला. तो रुमाल प्याल्याची कड पुसायचा होता, त्यामुळे माझ्यानंतरच्या लोकांची पंचाईत झाली. तीही माझ्याच नावावर जमा आहे.

मी तिथवर कशी पोचले ते थोडक्यात सांगते. लांबवून सांगायचा मला कंटाळा आला आहे. पंचवटीतलं घर, तेराव्या वर्षी लग्न, पंधराव्या वर्षी कपाळ पांढरं. नवऱ्याची आठवण म्हणजे लग्नात त्याने माझ्या तोंडात घातलेला एक घास, तोही जिलेबीचा, म्हणून लक्षात राहिला. मग भावाच्या घरची मागची खोली. बारा वर्षं मी त्या घरात सोवळ्यातला स्वयंपाक केला, पापड लाटले, लोणची घातली. घरात अकरा माणसं होती. माझ्याशी बोलायला त्यांच्याकडे एकच वाक्य होतं, "मीठ कमी आहे." मीठ बरोबर असेल त्या दिवशी कोणी काहीच बोलत नसे.

पुढे मला विषमज्वर झाला आणि मला मिशनच्या बायकांच्या दवाखान्यात टाकलं. सहा आठवडे मी तिथे होते. घरचं कोणी आलं नाही, कारण आलं की परत जाऊन आंघोळ करावी लागली असती. एक नर्स रोज माझ्या केसांतली गुंत सोडवायची आणि सोडवताना तिच्या सासूच्या कागाळ्या सांगायची. मला कोणी कागाळी सांगण्याइतकं जवळचं मानतं, याचंच मला नवल वाटायचं. वॉर्डात वाचायला फक्त शुभवर्तमान होतं. त्यात थकून विहिरीवर बसलेला येशू परजातीच्या बाईकडे पाणी मागतो, ती गोष्ट वाचून मी उशीत तोंड खुपसून रडले. मला वाटलं, ती बाई मीच. माझ्याकडे कोणी कधी काही मागितलं नव्हतं, हुकूम मात्र पुष्कळ सोडले होते.

बरी झाले, शिकवणी घेतली, बाप्तिस्मा घेतला. तिकडे भावाने माझ्या नावाचा मातीचा घडा फोडला, माझं श्राद्ध केलं आणि सगळे आंघोळ करून जेवले. जेवणात वडे होते असं मला नंतर कळलं. त्या घरात वडे फक्त मला जमायचे, तेव्हा माझ्या श्राद्धाचे वडे कसे झाले असतील कोण जाणे.

आता कोणालाही वाटेल, इतकं सगळं सोडून आलेल्या बाईला नव्या माणसांनी जवळ घेतलं असेल. जवळ घेतलं की. व्यासपीठावर घेतलं. बायकांची सभा असो, नाताळ असो, सिन्नरहून पाहुणे येवोत, "आमच्या ब्राह्मण भगिनी आता साक्ष देतील." मी उभी राहून माझी कहाणी सांगायची, पाहुणे मान डोलवायचे, कोणीतरी डोळे पुसायचं. मग सगळ्या बायका घोळक्याने एकमेकींच्या घरी जेवायला जायच्या आणि मी माझ्या खोलीत जाऊन पिठलं टाकायची. साक्ष द्यायला मी आणि जेवायला त्या. एकदा मी पाळकसाहेबांना म्हटलं, मला इथे फार एकटं वाटतं. ते म्हणाले, देव तुमच्याबरोबर आहे, बाई. मी म्हटलं, तो जेवायला बोलावत नाही. ते म्हणाले, हळूहळू होईल. हळूहळू या शब्दाचा मला तेव्हापासून राग आहे.

माझी खोली मिशनच्या कंपाउंडच्या मागच्या चाळीत होती. शेजारच्या खोलीत एक म्हातारी राहायची, तिला सगळे मावशी म्हणायचे. सिन्नरकडच्या महारवाड्यात जन्मलेली, दुष्काळात आईबापांबरोबर मिशनच्या आसऱ्याला आलेली, तेव्हापासून चाळीस वर्षं ख्रिस्ती. नवरा गेला होता, मूल नव्हतं. ती दवाखान्यातली धुणी धुवायची. रोज उजाडायच्या आत तिची लोखंडी बादली फरशीवर आपटायची आणि माझी झोप उडायची. मी भिंतीवर थाप मारली की ती दुसऱ्यांदा आपटायची. सहा महिन्यांत आमचं एवढंच संभाषण झालं होतं.

मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची. संध्याकाळी खोलीत बसून प्रार्थना करायची, पण त्या प्रार्थनेत भक्तीपेक्षा तक्रारीच जास्त असायच्या. तू बोलावलंस, मी आले, आता बस तरी म्हण. कशासाठी आणलंस ते तरी सांग. जो तो मला सांगायचा, की देवाने तुम्हाला काहीतरी मोठ्या कामासाठी निवडलं आहे, आणि ते काम कोणतं हे विचारलं की म्हणायचा, प्रार्थना करा. मी केली. उत्तर म्हणून सकाळी बादली आपटायची.

प्याल्याचं प्रकरण झाल्यावर मी एक युक्ती काढली. प्रभुभोजन महिन्याच्या पहिल्या रविवारी असे. कठड्याशी सगळे ओळीने गुडघे टेकत आणि पाळकसाहेब डावीकडून सुरुवात करत. तेव्हा मी त्या रविवारी अर्धा तास आधी जाऊन पहिल्या बाकावर बसू लागले आणि बोलावणं झालं की तरातरा जाऊन अगदी डावीकडची जागा धरू लागले. म्हणजे प्याला कोरा मिळे. दुसऱ्याचे ओठ लागलेल्या भांड्याला मला ओठ लावता येत नव्हते. लावायचे असं मी ठरवायची, आठवडाभर मनाची तयारी करायची आणि नुसत्या विचाराने माझा घसा मिटायचा. त्याच वर्षांत गोदेच्या पलीकडे काळ्या रामाच्या दारात माणसं आम्हाला आत घ्या म्हणून बसत होती आणि आमच्या घरासारख्या घरांतले लोक ते दार धरून उभे होते. मी त्या लोकांना नावं ठेवत होते. आणि पहिली जागाही धरत होते.

असे पाच महिने गेले. एका शनिवारी मी नळावर घागर भरत होते, मागे मावशी बादली घेऊन उभी होती. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन होतं. ती दुसऱ्या एका बाईला, पण मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "उद्या लवकर गेलं तरी काय उपेग नाय. पयली पंगत बामणाची."

मी घागर तिथेच ठेवली. "काय म्हणालात?"

"काय नाय, बाई. तुमाला सवय हाय पयल्या पंगतीची. आमी आपलं मागनं येतू. देवाच्या घरी उशीर झाला तरी चालतंय."

माझ्या अंगाची लाही झाली. सगळी मंडळी पाच महिने हेच समजत होती, हे मला तिथे नळावर उभं राहून कळलं. ब्राह्मण आधी जेवतात, बाकीचे नंतर, तशी मी देवाच्या पंगतीतही पहिलं पान माझं म्हणून बसते आहे. म्हणून कोणी मला घरी बोलावत नव्हतं. बाईंना आपल्या हातचं चालायचं नाही, आधीच कशाला अपमान करून घ्या, असा त्यांचा हिशोब. आणि मी काय उत्तर देणार होते? तोरा नाही हो, किळस आहे, असं सांगू? तोरा बरा होता. खरं कारण त्याहून लाजिरवाणं होतं आणि ते फक्त मला आणि देवाला माहीत होतं. मी घागर उचलली, अर्धं पाणी अंगावर सांडलं आणि खोलीत येऊन दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी चर्चमध्येच गेले नाही. मावशीचा राग, देवाचा राग, स्वतःचा राग, सगळा एकदमच आला होता. पाळकसाहेबांना निरोप पाठवला की डोकं दुखतंय. ते खरोखरच दुखत होतं.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात भाऊ आला. सोमवार होता, शाळा नुकतीच सुटली होती. कंपाउंडच्या फाटकाबाहेर चिंचेखाली तो उभा होता, आत यायला तयार नव्हता. मी फाटकाशी गेले. तो माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, पण त्या दिवशी वीस वर्षांनी मोठा दिसला. हातात कापडात बांधलेली लहान बरणी होती. ती त्याने माझ्या हातात दिली नाही. फाटकाच्या कट्ट्यावर ठेवली, दोन पावलं मागे सरला, मग मी उचलली.

"लिंबाचं लोणचं आहे," तो म्हणाला. "तू घातलेलं. शेवटचं राहिलं होतं."

मी बरणी पोटाशी धरली. तो रस्त्याकडे बघत बोलत राहिला. त्याने शास्त्रीबुवांशी बोलणं केलं होतं. आता काळ बदलला आहे, परत घेतात. प्रायश्चित्त घ्यायचं, पंचगव्य घ्यायचं, रामकुंडावर स्नान करायचं. वर्षभर स्वयंपाकघरात यायचं नाही, मग हळूहळू बघू.

पुन्हा हळूहळू. "आणि राहायचं कुठे?"

"मागची खोली आहेच."

"वहिनीचं काय म्हणणं आहे?"

"तिनंच पाठवलं. तिला लोणचं जमत नाही. दोन वर्षं बरणीला बुरशी येते आहे."

मला एवढा संताप आला, की मी फाटक त्याच्या तोंडावर बंद करणार होते. मग मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे ओले होते आणि ते दिसू नयेत म्हणून तो चिंचेच्या शेंड्याकडे बघत होता. लोणच्याचं निमित्त त्यानेच काढलं होतं, हे माझ्या लक्षात आलं. दुसरं काही मागायची त्या घराला सवयच नव्हती.

"पुढच्याच्या पुढच्या रविवारी येतो," तो म्हणाला. "तेव्हा सांग."

तो रविवार म्हणजे पुन्हा पहिला रविवार. मी खोलीत आले आणि ट्रंक ओढून काढली. खोटं कशाला सांगू, मी जाण्याचाच विचार करत होते. एकटंच राहायचं तर निदान ओळखीच्या भिंतींत राहावं. तिथे भिंतीपलीकडून भांड्यांचे आवाज यायचे, पोरांची भांडणं ऐकू यायची. इथे माझी फक्त साक्ष लागत होती, आणि ती तर आता सगळ्यांची ऐकून झाली होती. मी ट्रंकेत दोन पातळं घातली आणि देवाला म्हटलं, आता तरी काही बोल. तो बोलला नाही. आठवडा तसाच गेला.

पुढच्या मंगळवारी सकाळी बादली आपटली नाही. मी जागी होऊन पडून राहिले. उजाडलं, ऊन आलं, तरी आवाज नाही. रोज ज्या आवाजाला शिव्या घालायच्या तो आला नाही म्हणून माझी चिडचिड व्हायला लागली. शेवटी उठून शेजारचं दार ढकललं. त्या खोलीत मी त्याआधी कधी पाऊल टाकलं नव्हतं. मावशी गोधडीत मुटकुळं करून पडली होती आणि हिवतापाने दात वाजत होते. तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "पानी."

मी माझ्या खोलीत गेले आणि माझा तांब्या भरून आणला. तिच्या कोपऱ्यात तिचा माठ होता, त्यावर तिचं भांडं होतं, पण माझे पाय माझ्याच तांब्याकडे गेले. मी परत आले तेव्हा ती धडपडत उठून बसली होती. तिने दोन्ही हातांची ओंजळ केली आणि हनुवटीखाली धरली.

"वता, बाई."

माझा हात आपोआप वर गेला. मी वरून पाणी घातलं. तिची ओंजळ थरथरत होती, पाणी बोटांतून गळून गोधडीवर पडलं, तोंडात थेंब गेला असेल नसेल. "अजून वता," ती म्हणाली. मी ओतणार, तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि मी तशीच उभी राहिले. आम्हा दोघींना कोणी काही सांगितलं नव्हतं. तिला ओंजळ कुठे धरायची माहीत होतं, मला तांब्या किती वर धरायचा माहीत होतं. दवाखान्यात मी रडले होते, कारण मला वाटलं की विहिरीवरची बाई मीच. आता एक थकलेलं माणूस माझ्याकडे पाणी मागत होतं आणि मी भांडं वर धरून उभी होते.

"ओंजळ खाली करा, मावशी."

"नगं. तुमचं भांडं बाटंल."

"बाटू दे," मी जवळजवळ ओरडलेच. "एकदाचं बाटलं की कटकट संपेल."

मी तिच्या पाठीशी बसले, तिच्या मानेखाली हात घातला आणि तांब्या तिच्या ओठांना लावला. ती आधी तोंड मिटून बसली. तापातसुद्धा हट्टी. मग प्यायली, सगळा तांब्या प्यायली.

मी शाळेत निरोप पाठवला आणि दवाखान्यातून तापावरचं कोयनेल आणलं. दोन दिवस ताप चढत-उतरत राहिला. तांदळाची पेज केली. वाटी तिला द्यायच्या आधी फार गरम आहे का बघायला मी एक घोट घेतला, काही विचार न करता, जशी कुठलीही बाई आजाऱ्याची पेज बघते. मावशी माझ्याकडे टक लावून बघत होती.

"उष्टी केली की."

मी वाटीकडे बघितलं. "दुसरी आणते."

"आना हिकडं," म्हणाली आणि वाटी ओढून घेऊन प्यायली. मग तोंड वाकडं करून म्हणाली, "मीठ नाय."

मला हसू आलं, आणि मग रडू आलं, आणि मी ते दोन्ही चुलीकडे तोंड करून उरकलं. तीस वर्षांच्या आयुष्यात माझं उष्टं कोणी खाल्लं नव्हतं. नवऱ्याच्या ताटात जेवायचं वय होण्याआधी नवरा गेला, पोटी मूल नाही, भावाची पोरं सोवळं म्हणून दूर. एकटेपणाला मी देवापुढे मोठमोठे शब्द वापरले होते. खरं तर ते एवढंच होतं, की आपलं उष्टं कोणी खाणारं नाही आणि आपण कोणाचं खात नाही.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला तेव्हा मी तिला खरं सांगून टाकलं. पहिल्या जागेचं कारण तोरा नसून किळस होती, हे मी भिंतीकडे बघत सांगितलं. मला वाटलं ती आता मला बाहेर काढेल. ती इतकी हसली, की तिला खोकला लागला.

"आन आमी समजत व्हतू की तोरा." खोकला थांबल्यावर ती म्हणाली, "माजं बी सांगू? कुनाला बोलू नगंस." ती पहिल्यांदाच मला अगं-तुगं करत होती. "मी पयल्यांदा प्याल्याला बसले तवा माज्यानंतर साहेबाची मडम व्हती. मला घाम फुटला. माजं उष्टं ती कशी पिल? म्हून मी निस्ता ओठापाशी नेल्यावानी केला. तवापासनं तसंच करते."

"तवापासून म्हणजे?"

"म्हंजी तवापासनं. कुनीतरी असतंयच की मागं."

"चाळीस वर्षं तुम्ही प्यायलाच नाहीत?"

"रडतीस काय? देवाला म्हाईत हाय."

मी रडत नव्हते, मी संतापले होते. एक चाळीस वर्षं आपलं उष्टं कोणाला लागू नये म्हणून तहानलेली, आणि एक पाच महिने कोणाचं उष्टं आपल्याला लागू नये म्हणून पुढे धावणारी. आणि दोघी एका भिंतीच्या दोन बाजूंना बादली आणि थापा वाजवत बसलेल्या. हे देवाला इतके दिवस दिसत होतं, तर त्याने आधीच काही का केलं नाही, असं मी त्याला त्या संध्याकाळी विचारलं. मग माझ्या लक्षात आलं, की बादली तर तो रोज आपटत होता.

रविवारी मी अर्धा तास आधी गेले नाही. मावशीला चालवत नेईपर्यंत पहिली घंटा होऊन गेली होती आणि आम्हाला शेवटच्या बाकावर जागा मिळाली. बोलावणं झालं तेव्हा आम्ही शेवटच्या पंगतीत कठड्याशी गेलो. ती आधी टेकली, तिच्या उजवीकडे मी. मंडळीतल्या बायका माना वळवून बघत होत्या. पाळकसाहेब भाकर देत गेले, मग प्याला घेऊन आले. दहा-बारा जण झाले.  प्याला मावशीपाशी आला. तिने कड ओठांजवळ नेली आणि तिथेच थांबली, तिरप्या डोळ्याने माझ्याकडे बघत.

"प्या," मी दातांत म्हटलं.

ती प्यायली. घोट गिळलेला मला ऐकू आला. पाळकसाहेब कड पुसायला रुमाल उचलत होते, त्याआधीच मी प्याल्याला हात घातला. तिचे ओठ जिथे लागले होते ती जागा ओली होती. तिथेच मी ओठ टेकले. घसा मिटलेलाच होता, तरी प्यायले. काही चमत्कार झाला नाही. मनुका नेहमीसारख्या जरा जळक्या लागल्या. शेजारून मावशी पुटपुटली, "सांडू नगंस." आणि मला कठड्याशी, सगळ्या मंडळीच्या देखत, हसू फुटलं. ते अजून माझ्या नावावर आहे.

बाहेर आलो तर चिंचेखाली भाऊ उभा होता. मावशी माझ्या खांद्यावर भार टाकून उभी होती, तशीच मी तिला घेऊन फाटकाशी गेले.

"दादा, मी येत नाही."

त्याने मावशीकडे बघितलं, मग जमिनीकडे. "नीट विचार केलास का?"

"आत्ता मी यांचं उष्टं प्यायले."

तो एक पाऊल मागे सरला. मग घाईघाईने म्हणाला, "त्यालाही प्रायश्चित्त आहे. मी विचारतो."

"मला ते धुऊन काढायचं नाही, दादा."

तो जायला वळला, पुन्हा थांबला. "लोणच्याला मीठ किती घालायचं? ती विचारत होती."

"लिंबाच्या चौथाई. आणि हात कोरडे ठेवायचे, बुरशी पाण्याने येते."

"लिंबाच्या चौथाई," तो म्हणाला, विसरू नये म्हणून दोनदा म्हणाला, आणि गेला. मी तो वळणापर्यंत जाईस्तोवर बघत राहिले. मला त्याचं फार वाईट वाटलं. ते अजूनही वाटतं.

मावशीने माझा दंड ओढला. "चल, भाकरी टाकते. तुजी ती बिनमिठाची पेज पिऊन जीव आंबला."

मंडळीत आल्यापासून मला जेवायचं पहिलं आमंत्रण हे असं मिळालं. तिच्यात उभं राहायची ताकद नव्हती, म्हणून पीठ मी मळलं आणि भाकऱ्या तिने बसून थापल्या. ताट एकच होतं. मी माझ्या खोलीतून भावाने आणलेली बरणी आणली. ट्रंक उघडीच होती, तिला पायाने झाकण लावलं. मावशीने लोणच्याची फोड भाकरीला लावून तोंडात घातली, डोळे मिटले आणि चावत राहिली. मी वाट बघत होते. या बाईच्या तोंडून चांगलं काही यायचं नाही, हे मला ठाऊक होतं.

"मीठ बरोबर हाय," ती म्हणाली.

बारा वर्षं त्या घरात मीठ बरोबर असेल त्या दिवशी कोणी बोललं नव्हतं. मी बरणी पुढे ओढली आणि ताटात तिच्या बाजूला आणखी एक फोड वाढली.